सिंहस्थाचा गडू आणि आमची फटफटी

फटफटीच्या टाकीत गोदावरीचे पाणी मी ओतले नव्हते. पेट्रोल मात्र मीच विकले.

लग्न होऊन नाशिकच्या तांबट आळीत आले तेव्हा मी चौथी पास होते (माझ्या माहेरी चौथी पास म्हणजे बॅरिस्टर). यजमान घागरी आणि तपेली घडवायचे. हात सोन्यासारखा. डोके मात्र कायम दुसरीकडे. देवळालीच्या छावणीतून कुणा साहेबाची मोडकी फटफटी भंगारात निघाली. तिचे इंजिन त्यांनी पोत्यात घालून घरी आणले आणि सासूबाईंना सांगितले, पितळेची मोड आहे, वितळवायची आहे.

ती मोड काही वितळली नाही. ती यजमानांच्या सायकलवर चढली. तांब्याच्या पट्ट्या घडवून त्यांनी इंजिन दांड्याखाली आवळले आणि रिव्हेटा मारल्या. नट-बोल्ट त्यांना पटायचे नाहीत. जे सुटते ते काम कसले, असे त्यांचे म्हणणे. टाकी त्यांनी स्वतः ठोकून केली. गोल पोटाची, वर लोट्यासारखे झाकण, खाली बंबाला असते तशी पितळी तोटी! तिच्यावर नारळ ठेवला असता तर लोकांनी हळदकुंकू वाहिले असते.

आळीत दिवसभर घण चालायचे, त्यात इंजिनाची फटफट कुणाला ऐकू येत नव्हती. पण अमावास्येला घण बंद. नेमके त्या दिवशी यजमानांनी इंजिन चालवून बघितले आणि सगळी आळी आमच्या दारात उभी राहिली. सासूबाई बाहेर आल्या, मोड किती वितळली ते बघितले आणि एवढेच म्हणाल्या, "भट्टीच्या घरात पेट्रोलचा डबा राहील, नाहीतर तू राहशील."

डबा गेला. पेट्रोल राहिले. यजमानांनी ते गडूत भरले.

गडूचे सांगायला हवे. नाशिकला आलेला यात्रेकरू गंगा घेऊन जातो (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). ती नेण्यासाठी आम्ही तांब्याचे लहान गडू करायचो, पाणी भरायचो आणि तोंड लाखेने बंद करायचो. गावी कुणी शेवटच्या घटकेला आले की लाख फोडून पाणी तोंडात घालायचे. यजमानांनी पेट्रोलचा गडू अगदी तसाच लाख लावून बंद केला, ओळखायला पोटावर काजळीचे बोट ओढले आणि फळीवर गंगेच्या रांगेत ठेवून दिला. मला सांगितले नाही. मी सासूबाईंजवळ बोलेन, असे त्यांना वाटले. (बोलले असते.)

एके सकाळी सासूबाई मला गडू विकायला ओटीवर बसवून नदीवर गेल्या. फळीवर दोनच गडू उरले होते. एकाला काजळी. मला घाण बघवत नाही. चिंच आणि मीठ घेतले आणि दोन्ही गडू असे घासले की त्यात तोंड दिसावे.

थोड्या वेळाने खानदेशाकडचा एक माणूस गाडी गाठायच्या घाईत आला. म्हणाला, "ताई, बाप खाटेवर हाय. उशाशी दिवा लावलाय. गंगेसाठीच जीव अडकलाय त्याचा." मी त्याला दोन्हींतला जास्त चमकणारा गडू दिला. मला स्वतःचे कौतुकही वाटले.

तो गेला आणि यजमान आले. फळीवरचा उरलेला गडू उचलून त्यांनी फटफटीत ओतला, पायडल मारले, परत मारले, घामाघूम झाले. मग टाकीत बोट बुडवून चाटले.

"अगं, ही तर गंगा."

"मग काय असणार?"

त्यांनी रिकाम्या फळीकडे बघितले. "दुसरा गडू कुठे आहे?"

मी सांगितले. कुणाला दिला, कशासाठी दिला, तेही सांगितले. उशाशी दिवा आहे असे मी म्हणाले तेव्हा ते खालीच बसले. मरायला टेकलेला म्हातारा, तोंडात पेट्रोल आणि उशाशी पेटता दिवा! त्याला अग्नी द्यायला मुलाला स्मशानापर्यंत जायची गरज उरली नसती.

इतक्यात सासूबाई नदीवरून आल्या. मी एका दमात सगळे सांगून टाकले. मला वाटले आज माहेरची वाट. त्या आत गेल्या, देवामागून स्वतःचा गडू काढला आणि माझ्या हातात दिला.

तो गडू साधा नव्हता. त्यात सिंहस्थाचे पाणी होते. सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतो. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी त्यांनी ते जपून ठेवले होते, त्याला मला हात लावू देत नसत.

"आत्या, हा तुमचा आहे," मी म्हटले.

"माझ्या उशाशी अजून दिवा लावलेला नाही. त्याची गंगा काढून घेशील तर रिकाम्या हाताने का? जा. माणूस तू बघितलायस, तूच जा."

गाडीची वेळ असल्यामुळे टांगे सगळे नाशिक रोडला गेलेले. राहिली फटफटी. इंजिन पाणी प्यायलेले, पण पायडले शाबूत होती. इंजिन उतरवावे तर रिव्हेटा! यजमान पायडल मारायला लागले, मी मागच्या कॅरिअरवर नऊवारीत, पदर दातात, गडू पोटाशी. नवऱ्यामागे सायकलवर बसलेली बाई नाशिकने तोवर फारशी बघितली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांनी बघून घेतली. एका टांगेवाल्याने समोरून येताना विचारले की मोटार वहिनींच्या वजनाने बंद पडली का. यजमान दमले होते म्हणून त्याला उत्तर मिळाले नाही. पाच-सहा मैल ते चालवत होते, आणि इंजिन माझ्यासारखेच नुसते बसून आले.

स्टेशनात गाडी उभी होती. मी एकेका डब्यात डोकावत निघाले. शेवटून दुसऱ्या डब्यात तो सापडला, गडू उपरण्यात बांधून छातीशी धरलेला. मी म्हटले, दादा, तो गडू द्या, हा घ्या. तो काही सोडेना. दिलेली गंगा कुणी परत मागतं का, म्हणाला. डब्यातली माणसे त्याच्या बाजूने झाली. यजमान खाली उभे राहून धाप टाकत होते आणि मला डोळ्यांनी खुणावत होते, खरे बोलू नकोस. आळीची अब्रू जाईल.

गार्डाने शिट्टी वाजवली.

"त्यात पेट्रोल आहे," मी म्हटले. "मी चुकून दिलं. बापाला पाजलंत तर दिव्यासकट पेट घेईल."

शेजारच्याने ओढत असलेली बिडी खिडकीबाहेर टाकली. खानदेशच्या त्या माणसाने लाख थोडी खरवडली, वास घेतला आणि गडू असा लांब धरला जणू त्यात साप होता.

"आणि ह्यात काय हाय?" त्याने विचारले.

"सिंहस्थाचं पाणी. माझ्या सासूनं स्वतःसाठी ठेवलेलं."

त्याने तोही हुंगला. (बरोबर आहे. मीही हुंगला असता.) मग तो कपाळाला लावला. गाडी हलली तेव्हा म्हणाला, "सासूला माझा नमस्कार सांगा ताई. तुम्हाला नाय."

स्टेशनाबाहेर यजमानांनी तोटी सोडून टाकीतली गंगा झाडाच्या बुंध्याशी ओतली, परत आणलेले पेट्रोल भरले आणि बऱ्याच खटपटीनंतर फटफटी सुरू झाली. जाताना ज्यांनी आम्हाला हसून घेतले होते त्यांच्या समोरून आम्ही धूर सोडत गेलो. घराशी आल्यावर कळले की थांबवायची सोय करायची राहिली आहे. आळीला तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला पेट्रोल संपले.

सासूबाई ओट्यावर बसून सगळ्या फेऱ्या बघत होत्या. मी नमस्कार पोचवला. "हं," म्हणाल्या. "आता मला पुढच्या सिंहस्थापर्यंत मरता येणार नाही. तुझ्यामुळं."

त्या दिवशी त्यांनी मला एवढेच ऐकवले. बाकीचे पुढे रोज ऐकवले, पण शब्द पाळला. पुढच्या सिंहस्थापर्यंत राहिल्या, स्वतः नदीत उतरून गडू भरला आणि त्यावरही पाच वर्षे काढली. माझी चारही बाळंतपणे त्यांच्या हातची. मी कुणाचे फारसे उपकार मानणारी बाई नव्हे. त्यांचे मानते.

आता माझाही गडू देवामागे आहे. मीच भरला, मीच लाख लावली, आणि चिंचेने लख्ख घासला. परवा धाकट्या सुनेला सांगितले, वेळ आली की हा फोड आणि माझ्या तोंडात घाल.

ती म्हणाली, "घालीन. पण तुम्ही भरलाय ना आत्या, मग आधी वास घेईन."