शेळ्यांनी हेरलेली भिंत

झरीच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये हिवाळ्यात कापसाचे तंतू उन्हात तरंगतात आणि आपणही जमिनीच्या बोटभर वरून चालतोय असं वाटतं. तिथला ट्रान्सफॉर्मर मी निवडलेला. मोटारींचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह लागणार हे ठाऊक होतं. तरी मी नुसती मोटारींची बेरीज केली आणि राजासारखी सही ठोकली. आता आणखी दोन ड्राइव्ह जोडायचे होते. मीटरवर भार मर्यादेच्या आत. मी फक्त ‘जोडा’ म्हणायचं होतं.

म्हणणारच होतो, तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला टेकून, डोळे मिटून रवंथ करणाऱ्या शेळ्या दिसल्या. सकाळचं कोवळं ऊन सोडून सावलीत!

"मावशी, शेळ्या उन्हात का बसत नाहीत?" मी त्यांच्या मालकिणीला विचारलं.

"ती भिंत लय गरम हाय, सायेब. दिवाळीपासून इथंच पडायल्यात. आत काय शिजवायलाव तुमी?"

मी भिंतीला हात लावला. माझी ऐट त्या उबेत लोण्यासारखी वितळली.

ड्राइव्ह वीज सरळ घोटाघोटानं पीत नाहीत, लचके तोडतात. त्यातून उठणाऱ्या वेगवान लहरी, म्हणजेच हार्मोनिक्स, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला आतून भाजतात. माझ्या साध्या मीटरला त्या नीट दिसतसुद्धा नव्हत्या.

"शेठ, काही जोडू नका," मी जिनिंगच्या मालकाला म्हणालो. "चुकलो. असं चालवलं तर ऐन हंगामात जळेल."

"मग मोठा आणू?"

"नुसता मोठा नको. हार्मोनिक्स सोसायला गुंडाळी मुद्दाम वेगळी बांधलेला हवा. आधी लहरी मोजू, मग त्यांना पुरेल असा के-फॅक्टर, म्हणजे लहरी सोसायची ताकद, बघून घेऊ."

"मीटरनं सांगितलं का हे?"

"शेळ्यांनी."

"बरं झालं. पुढच्या टायमाला त्यांनाच बोलावतो. त्यांना च्या बी लागत न्हाई."

लहरी मोजल्या, नवा ट्रान्सफॉर्मर आला, दोन्ही ड्राइव्ह सुरू झाले. नवा मीटर बरं बोलत होता, पण माझा जीव त्या भिंतीशी अडकलेला. सकाळी सकाळी जाऊन फाटकापाशी उभा राहिलो. कापूस तरंगत होता. शेळ्या आल्या. पुढचीनं भिंत हुंगली, अंग घासून पाहिलं, माझ्याकडे तुच्छतेनं एक नजर टाकली आणि संथपणे उन्हात निघून गेली. मागोमाग सगळ्या.

"बिघडवली ना चांगली जागा!" मावशी ओरडल्या.

मी शेळ्यांना वाकून मुजरा केला.