झऱ्यापर्यंतची पायवाट

आज सकाळी गडी आपल्या डोंगराच्या हद्दीवरच्या दगडांना चुना लावत होता. ओल्या चुन्यापाशी मुंग्यांची रांग थबकली आणि वळसा घालून झाडीत गेली. ही जमीन कायम जंगलच राहील, वारसांनाही तिथे घर बांधता येणार नाही, अशा करारावर मी काल सही केली.

शेजारच्या रखमाबाई म्हणाल्या, "काकू, नातवंडांना विचारलंत तरी?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असती. फोनवर ती सगळ्यालाच हो म्हणतात."

बोलले खरी, पण दिवसभर मन थकल्यासारखं झालं. बाळांनो, माझ्या माघारी हद्दीवरचा हा एवढासा दगड तुम्हाला "नाही" म्हणत राहणार. म्हणून करारात झऱ्यापर्यंतची पायवाट तेवढी मागून घेतली आहे. आलात तर चालत जा. मला आता तिथवर चालवत नाही.