मी न खोडलेलं उत्तर

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता तेव्हा मी मेहकरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. पाठ्यपुस्तकातल्या एका जुन्या शोकनाटकात बापाने ठरवलेलं लग्न मुलगी नाकारते आणि शेवटी जीव गमावते. मी वर्गातल्या मुलींना विचारलं, "हे मरण कसं टळलं असतं?" बहुतेकींनी लिहिलं, मुलीने हट्ट सोडला असता तर. एकीने मात्र लिहिलं, "बापाने तिचं ऐकून घेतलं असतं तर." सर्वांत जास्त गुण मी तिला दिले.

तिचं स्वतःचंच लग्न ठरत होतं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला आणि तिची वही घेऊन जानेफळ गावाहून आले. "बाई, पोरीले हे काय शिकवून राह्यल्या? आजपासून शाळा बंद!"

मुख्याध्यापक मला म्हणाले, "उत्तर खोडा, म्हणजे विषय मिटेल."

"उत्तर बरोबर आहे. खोडणार नाही." मी वडिलांकडे वळले. "दादा, तुम्ही एकदा तिलाच विचारा."

"बोल वं, काय म्हननं हाय तुहं?"

"मले मॅट्रिक होऊ द्या, बाबा. मंग लगन करा."

"मंग घरी काऊन नाही बोलली?"

"तुमी इचारलं कधी?"

वडिलांनी वही तिच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "जाय, वर्गात जाय."

मला मात्र उत्तर न खोडल्याबद्दल मुख्याध्यापकांनी लेखी ताकीद दिली. त्या कागदावर मी सही केली नाही.