आप्पांनी न ऐकलेला धडा

आमचे लातूरचे घरमालक आप्पा यांच्याइतका चोखंदळ वाचक अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि त्यांना डोळ्यांनी तर काहीच दिसत नव्हतं. काचबिंदूने नजर गेल्यावर या निवृत्त मास्तरांनी कॉम्प्युटर घेतला. अंध वाचकांसाठी छापील पुस्तकं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवतात, त्यात मशीन ओळी गाळतं, पानाचा आकडा वाक्यात घुसडतं. त्या चुका आप्पा शोधत. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते एवढ्या स्पीडने लावत, की मला नुसता रिकाम्या डब्यात तूर ओतल्यासारखा आवाज यायचा. त्यातच आप्पा म्हणत, "थांब, इथं एक ओळ गळाली हाय." मी पुस्तक उघडून बघावं, तर खरंच गळालेली. हे कसं जमतं याचा छडा मला शेवटपर्यंत लागला नाही.

कोचिंग क्लासांमुळे गल्लीत खोल्यांना भलती मागणी होती. बाकीचे मालक डिपॉझिट मागत, आप्पा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावत. मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आलो तेव्हा मीही वाचला. "कंसातलं का सोडलंस?" त्यांनी विचारलं. तरी खोली मिळाली, पण रोज संध्याकाळी छापील प्रत घेऊन शेजारी बसायच्या अटीवर. माणसांचं बोलणं त्यांना फार सावकाश वाटे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, भाजीचं विचारायला आल्या की आप्पा म्हणत, "जरा स्पीड वाढव." मग काकू मुद्दाम एकेक अक्षर सुटं करून बोलत.

एका संध्याकाळी चाकूरहून एका अंध मुलीचा फोन आला. स्पर्धा परीक्षेसाठी तिची सगळी भिस्त मी यायच्या आधी आप्पांनी तपासलेल्या भूगोलाच्या पुस्तकावर होती. "आप्पा, भूकंपाच्या धड्यात निम्म्या ओळीच न्हाईत," ती म्हणाली. "परवा पेपर हाय माजा."

आप्पांचा चेहरा उतरला. "त्यो धडा म्या ऐकलाच न्हाई," ते मला म्हणाले. "किल्लारीचं नाव आलं की पुढं जायचो." त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीच्या घरात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली, आप्पा तेव्हा नांदेडला नोकरीला होते, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं मी त्यांच्या कानांचं कौतुक करत होतो आणि गाव कुठलं हे कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी एकटाच दुरुस्त करतो, असं म्हणून पाहिलं.

"न्हाई. तू बघशील. पर तिला ते ऐकायचंय, म्हून मलाच ऐकाया पायजे."

त्यांनी धडा लावला आणि स्पीड कमी करत नेला. तूर थांबली, शब्द सुटे झाले. त्या मशीनचं बोलणं मला पहिल्यांदाच कळत होतं. काकू येऊन उंबऱ्यात बसल्या. एकेक गळालेली ओळ आम्ही भरत गेलो. मग किल्लारी आली. गाव जमीनदोस्त झालं, एवढंच एक वाक्य होतं.

"इथं लई काय तरी गळालंय," आप्पा म्हणाले.

मी छापील पान दोनदा तपासलं. काहीच गळालं नव्हतं. तसं मी सांगितलं. आप्पा "बरं" म्हणाले, आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा लावलं.