दोन थापा आणि एक आरसा

मी दारावर दोन थापा मारल्या आणि सायसिंगने गाडी सरळ उजवीकडे घातली. मागच्या ट्रकचा हॉर्न असा वाजला की मला माहेरचे सगळे देव आठवले. स्टिअरिंग धरून मी गाडी परत लेनमध्ये ओढली.

मी नंदुरबारला ड्रायव्हिंग शिकवते. विसरवाडीजवळ चौपदरी हायवेवर आम्ही उसाच्या ट्रॉलीमागे कधीचे रांगत होतो. हा लेन बदलेना, म्हणून वैतागून मी दार बडवलं होतं.

“काय करी ऱ्हायना तू? मांगे देखं का?” राग आला की माझी रनाळ्याची अहिराणीच बाहेर येते.

“थाप पडली ना मॅडम,” तो शांतपणे म्हणाला. “म्हणून काढली.”

मग उलगडा झाला. सायसिंग मोलगीच्या रस्त्यावरचा जीपवाला. बाजाराच्या दिवशी जीपला बाहेरूनही माणसं लटकतात, म्हणून आरसे आत दुमडलेले. मागे फळीवर त्याचा मेहुणा उभा. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे मागे मोकळं आहे, घे. घाटात त्याची गाडी कधी कुणाला घासली नाही, पण मागचे डोळे मेहुण्याचे होते.

आता एका दवाखान्याच्या अॅम्ब्युलन्सवर नोकरी मिळायची होती आणि ट्रायल याच हायवेवर. नाही जमलं, तर बायकोपोरांसह ऊसतोडीला गुजरातेत. मुकादम येऊन गेला होता. बायकोने गाठोडी बांधून ठेवली होती. मला त्याच्यापेक्षा जास्त धास्ती वाटत होती.

“मेहुणा आता आरशात बसलाय, असं समज,” मी सांगितलं. आधी आरसा बघ. मग इंडिकेटर दे, म्हणजे मागच्याला विचारलंस. विचारलं की उत्तराची वाट बघायची. तो हळू झाला, तर ये म्हणतोय. लाइट मारत वेग वाढवला, तर थांब म्हणतोय. शेवटी मान वळवून बघ. आरशाला न दिसणारी थोडी जागा राहतेच, तिला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. तिथे अख्खी मोटरसायकल लपते.

ट्रायलला मी सायसिंगच्या शेजारी होते, दवाखान्याचे मॅनेजर मागे बसले. फोनवर त्यांच्या गप्पा रंगल्या. पुढे पुन्हा एक ट्रॉली आली, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी खदाखदा हसत दारावर थापा मारल्या. दोन.

सायसिंगचा हात स्टिअरिंगवर हलला आणि थांबला. त्याने आरसा बघितला, इंडिकेटर दिला. मागून लाइट मारत एक पांढरी कार सुसाट निघून गेली. मग त्याने मान वळवून बघितलं आणि अलगद लेन बदलली. गालात हसत होता.

“हासस काब्र रे?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही साहेब. मेहुणा चुकला.”

साहेबांना काही कळलं नाही, पण उतरताना मला म्हणाले, “मॅडम, तुम्हना गडी पक्का शे.”

त्या संध्याकाळी मोलगीला गाठोडी सुटली. मी मात्र एक धडा घेतला. शिकवताना कितीही राग आला तरी दार बडवायचं नाही. मांडी आहे की बडवायला.