तेरोचं अंधारं ठाण

ओलिंदा बेंतांकूर दुसऱ्यांची गुरं रस्त्यानं हाकत बाजारापर्यंत न्यायची. मेलो गावाच्या आसपास हे काम करणारी ती एकटीच बाई. नवरा नव्हता, मूल नव्हतं; होता तो तेरो नावाचा तांबडा घोडा. ओलिंदाचा आवाज असा खणखणीत, की टेकडीपलीकडची गाय मान वर करायची.

तेरोला आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तो लाकडी घोड्यासारखा ताठ झाला होता. चारी पाय फाकलेले, जबडा घट्ट मिटलेला. कधीतरी खुरात तार घुसली होती आणि जखम वरवर भरून आली होती. डॉक्टरीणबाई सिल्वेरांनी त्याच्या डोळ्यांवर सरकलेला पडदा पाहिला. "धनुर्वात आहे, मावशी."

"वाचेल ना गं?"

"उभा राहिला तर आशा आहे. पडला तर अवघड. उजेड नको, आवाज नको. नुसता दचकला तरी सगळं अंग आखडेल."

मी तिथं मदतनीस होतो. मागच्या ठाणाच्या खिडक्यांवर पोती टांगली, खाली गवताचा जाड थर पसरला. तेरोच्या कानांत कापूस घातला आणि पोटाखालून रुंद पट्टे घेऊन वर तुळईला बांधले.

ओलिंदा रोज यायची. बूट दारातच काढायची आणि अनवाणी आत जायची. डॉक्टरीणबाई नळीनं पेज घालायच्या, सुया द्यायच्या. ओलिंदा त्याची लाळ पुसायची, घाम टिपायची. तोंडातून शब्द नाही. एकदा बाहेर आल्यावर मी माते हा आमच्याकडचा कडू चहा पुढं केला, तर तो तिच्या हातातच गार झाला.

"मावशी, बसा तरी जरा. आत काय करता इतका वेळ?"

"त्याचे गुडघे बघत असते. जरा वाकले की पोटाखालचे पट्टे चाचपते."

मग एके सकाळी तेरोनं ओठांनी ओलं गवत ओढलं. नीट चावता आलं नाही, पण ओढलं. ओलिंदा बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली.

त्याच रविवारी गावच्या क्लबचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. मैदान दवाखान्याच्या मागंच. जिंकले की पोरं फटाके लावणारच. ओलिंदा क्लबच्या अध्यक्षाकडे, विल्मार फुर्तादोकडे गेली. मीही सोबत होतो.

विल्मार पोट हलवत हसला. "तू गुरं घेऊन गावातून जातेस तेव्हा माझ्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. आणि तू माझ्याकडे शांतता मागतेस?"

"मागतेय. हवं तर पाया पडते."

ती खरंच वाकली. विल्मारचं हसू विरलं. "ऊठ गं बाई. सांगतो पोरांना."

त्यानं सांगितलंही. सामना जिंकला आणि सगळी गर्दी निशाणं गुंडाळून, एकमेकांची तोंडं दाबत आमच्या फाटकासमोरून गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मागच्या गल्लीतून एकच बाण सुटला आणि छपरावर फुटला.

आत पोचलो तेव्हा तेरो पट्ट्यांत लोंबकळत होता. पाय काठीसारखे, मान मागं वळलेली. ओलिंदा त्याच्या छातीखाली खांदा देऊन उभी होती, जणू एकटीच त्याला पेलणार होती. आम्ही पट्ट्यांचे दोर ओढले. पाय जमिनीला लागले, पण भार घेईनात.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली.

पुन्हा ओढले. पुन्हा तेच.

"मावशी, त्याला श्वास घेता येत नाहीये," डॉक्टर सिल्वेरा हळूच म्हणाल्या.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा मी दोर उचललाच नाही. ओलिंदानं माझ्याकडे पाहिलं, मग तेरोच्या नाकपुड्यांकडे. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"द्या सुई," म्हणाली. "मी धरते डोकं."

सोमवारी विल्मार स्वतः ट्रॅक्टर घेऊन ओलिंदाच्या कुरणात आला. खड्डा खणून झाल्यावर टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाण कुणी सोडला ते शोधून काढतो मी. शप्पथ."

"नको शोधूस," ओलिंदा म्हणाली. "अजून थोडं खोल खण. कुत्री उकरतील."

विल्मारनं ट्रॅक्टर परत सुरू केला.