माझ्या वाटची घोषणा

चाळकऱ्यांनो, फळ्यावर उद्याच्या मोर्च्याच्या खबरीशेजारची जागा आज मी घेतलीय. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून खडूनं सांगतो.

सकाळी परळच्या इस्पितळात तपासणीला गेलो होतो. घशातला कॅन्सर काढला, त्याच्याबरोबर आवाजही गेला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले, "आता दर महिन्याला दाखवायला यायचं. मानेला नवी गाठ लागतेय का, ते घरच्यांनी चाचपून बघायचं. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर ओलं फडकं हवंच. आणि धुळीत, गर्दीत जायचं नाही."

गर्दीत जायचं नाही म्हणे! लालबागला राहून?

मी पाटीवर लिहिलं, "मोर्चा?"

तेव्हा सोबत आलेली बायको म्हणाली, "हे कडेकडेनं चालतील. मी फडकं भिजवत राहीन."

डॉक्टर म्हणाले, "बरं. पण खोकला आला तर तिथूनच माघारी."

येताना भोईवाड्यात माणसं ओरडत होती, "झालाच पाहिजे!" माझं तोंड आपोआप उघडलं. नुसती हवा सुटली, तीही गळ्याच्या भोकातून.

आजवर चाळीतली पहिली हाक माझी असायची. उद्याही मी येतोय. माझं तोंड उघडलेलं दिसलं, की माझ्या वाटचं कोण ओरडेल?